नुसती साखर मोजून भागायचे नाही

गणेशोत्सव असो, शाहू जयंती असो की एखाद्या सहकारी संस्थेचा वर्धापनदिन, कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्यात आता मोफत मधुमेह तपासणी शिबिराशिवाय कार्यक्रमपत्रिका पुरी होत नाही. बोटाला सुई टोचतात, पट्टीवर रक्ताचा थेंब घेतात, ग्लुकोमीटरवर आकडा उमटतो आणि माणूस तो लक्षात ठेवून घरी जातो. मधुमेहाविषयी एवढी जाग आली हे चांगलेच झाले. पण तपासणी त्या एका आकड्यापाशी थांबते आणि तिच्याबरोबर आपली काळजीही थांबते. ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे’ एवढे कानावर पडले की रुग्ण निर्धास्त आणि घरचेही निर्धास्त. या निर्धास्तपणाला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. टाइप २ मधुमेह असलेल्यांचे सर्वाधिक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतात, आणि त्या विकारांचा धोका एकट्या साखरेवरून कळत नाही. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि तंबाखू या चौघांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. म्हणून मधुमेह असलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रत्येकासाठी कोलेस्टेरॉलची तपासणी आणि उपचार हा मधुमेहाच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे, आणि सरकारी आरोग्य व्यवस्थेपासून गल्लीतल्या शिबिरापर्यंत सर्वांनी तसे वागले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

प्रश्नाचा आवाका आधी पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. एक लाख तेरा हजारांवर प्रौढांना तपासून काढलेल्या या अंदाजानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. या आकड्यांची भरपूर चर्चा झाली. त्याच पाहणीतला दुसरा आकडा तेवढा कोणाच्या लक्षात राहिला नाही. रक्तातल्या चरबीचे प्रमाण या ना त्या प्रकारे बिघडलेले लोक ८१ टक्के निघाले. या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता, आणि त्या टप्प्यातल्या चरबीविषयक नोंदी २०१४ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाल्या. एचडीएल म्हणजे ज्याला लोक ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते सुमारे ७२ टक्के लोकांत कमी होते आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी जवळपास ३० टक्क्यांत जास्त होती. एलडीएल, म्हणजे ‘वाईट कोलेस्टेरॉल’, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असलेले लोक मात्र १२ टक्क्यांच्या आसपास होते. या शेवटच्या आकड्याने हायसे वाटावे असे काही नाही, ते पुढे दिसेलच. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाच्या माहितीनुसार हृदयविकाराचा पहिला झटका दक्षिण आशियात सरासरी ५३व्या वर्षी आला, तर इतर देशांत तो ५९च्या घरात होता. घरातला कमावता माणूस आपल्याकडे पाच-सहा वर्षे आधी या दुखण्याच्या तावडीत सापडतो.

कोलेस्टेरॉल मुळात विष नव्हे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि पित्तरस यांच्यासाठी शरीराला ते लागतेच, आणि त्यातले बरेचसे शरीर स्वतःच तयार करते. ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे रक्तातून सूक्ष्म कणांत भरून फिरवावे लागते. त्यातला एलडीएल हा कण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतो आणि तिथे अडकून बसतो. नळात गाळ साचून पाणी अडावे, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. ते अपुरे आहे. चरबी पोकळीत न साचता भिंतीच्या आत साचते. तिला खाऊन टाकण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तिथेच मरतात, सूज येते, आणि त्या साऱ्यावर एक पातळ कवच तयार होते. हे कवच एखाद्या दिवशी फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद पडते. तोवर ती वाहिनी निम्मीसुद्धा अरुंद झालेली नसेल, त्यामुळे चालताना धाप नाही, छातीत कळ नाही, काहीच नाही. ‘कालपर्यंत ठणठणीत होता’ हे वाक्य शोकसभेत इतक्यांदा ऐकू येते त्याचे कारण हे आहे. ही प्रक्रिया एका रात्रीत घडत नाही. किती एलडीएल किती वर्षे रक्तात फिरत राहिले, यावर ती ठरते. म्हणून चाळिशीतल्या दुर्लक्षाचा परिणाम पंचावन्नाव्या वर्षी दिसतो.

आता यात साखर कुठे येते? दीर्घकाळ वाढलेली साखर रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा करते, एलडीएल कणांना चिकटून त्यांना अधिक घातक बनवते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवते. पण याहून महत्त्वाची गोष्ट साखर वाढण्याच्या आधीपासून चालू असते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की चरबीच्या साठ्यांतून मेदाम्ले यकृताकडे वाहू लागतात. यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइडने भरलेले कण बनवून रक्तात सोडते. त्या देवघेवीत एचडीएल घटते आणि एलडीएलचे कण लहान, दाट आणि संख्येने जास्त होतात. मिलिग्रॅममध्ये मोजलेले एलडीएल त्यामुळे साधारण दिसते, पण भिंतीत शिरणाऱ्या कणांची संख्या साधारण नसते. महाराष्ट्रासह झालेल्या त्या पाहणीत दिसलेली घडण हुबेहूब हीच आहे. मधुमेह आणि बिघडलेली चरबी एकाच मुळातून वाढतात, आणि मधुमेहाचे निदान होते तेव्हा चरबीचे काम बहुधा काही वर्षे आधीच सुरू झालेले असते.

दोन्ही एकत्र आल्यावर काय होते, याचा जुना आणि भक्कम पुरावा अमेरिकेतल्या ‘एमआरफिट’ या अभ्यासात आहे. सुमारे साडेतीन लाख पुरुषांवर सरासरी बारा वर्षे लक्ष ठेवून त्याचे मधुमेहविषयक निष्कर्ष १९९३ साली मांडले गेले. कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांत पाहा, मध्यम असलेल्यांत पाहा की जास्त असलेल्यांत पाहा, प्रत्येक पायरीवर मधुमेही पुरुषांचा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या तिपटीच्या आसपास होता. पायरी चढत गेली तशी दोघांतली दरी प्रत्यक्ष मृत्यूंच्या संख्येत रुंदावत गेली. म्हणजे जे कोलेस्टेरॉल शेजाऱ्याला फारसा त्रास देत नाही, तेच मधुमेही माणसाला महागात पडते. कोलेस्टेरॉलचा कोणताही आकडा एकटा वाचायचा नसतो, तो कोणाच्या शरीरातला आहे हे आधी विचारायचे असते.

‘पण आम्ही कुठे जाड आहोत?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि त्याचे उत्तर कोल्हापूरपासून चार-पाच तासांवरच्या पुण्यात मिळाले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथे जन्मणारी बाळे सरासरी पावणेतीन किलोच्याही आतली होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोच्या आसपास. आपल्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव सारे काही लहान होते, पण अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. हडकुळे दिसणारे बाळसुद्धा आतून चरबी राखून होते. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर आणि आरशात सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसाला निर्धास्त राहता येत नाही ते यामुळे. त्याच्या बाबतीत कमरेचा घेर वजनापेक्षा जास्त सांगून जातो, आणि रक्ताची तपासणी त्याहून जास्त.

मग साखर कडक ताब्यात ठेवली तर हृदय सुरक्षित राहणार नाही का? विचार स्वाभाविक आहे, आणि तो तपासून पाहिला गेला आहे. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या ‘यूकेपीडीएस’ अभ्यासात नव्याने निदान झालेल्या ५,१०२ मधुमेहींना घेतले. साखर अधिक काटेकोरपणे ताब्यात ठेवलेल्यांत डोळे आणि मूत्रपिंडांसारख्या, बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी घटल्या. हृदयविकाराच्या झटक्यांतली घट १६ टक्के दिसली, पण ती योगायोगाची नाही असे १९९८ साली खात्रीने म्हणता आले नाही. आणखी दहा वर्षे लक्ष ठेवल्यावर ती घट पक्की ठरली. याचा अर्थ, सुरुवातीपासून साखर सांभाळण्याचा हृदयालाही फायदा होतो, पण तो उशिरा आणि बेताचा होतो. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतला ‘ॲकॉर्ड’ अभ्यास आहे. तिथे दहा हजारांवर जुन्या मधुमेहींपैकी निम्म्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सहाच्या खाली आणण्याचा अट्टहास केला गेला. त्या गटात मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले आणि २००८ साली तो प्रयोग मधेच थांबवावा लागला. साखर सांभाळावीच लागते. डोळे, मूत्रपिंडे आणि पाय त्यावर अवलंबून आहेत. हृदयाचा सगळा भार मात्र एकट्या साखरेवर टाकता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ‘कार्ड्स’ अभ्यासात २,८३८ मधुमेही होते. त्यांना पूर्वी हृदयविकार नव्हता आणि त्यांचे एलडीएलही फार वाढलेले नव्हते. निम्म्यांना ॲटोरव्हास्टॅटिन या, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या औषधाची रोज दहा मिलिग्रॅमची एक गोळी दिली. झटका, पक्षाघात यांसारखे मोठे प्रसंग ३७ टक्क्यांनी घटले आणि फायदा एवढा स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षे आधी संपवला गेला. २००८ साली अशा अनेक चाचण्यांतल्या अठरा हजारांवर मधुमेहींची माहिती एकत्र केली तेव्हा एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की मोठे प्रसंग पाचव्या हिश्शाने घटतात, असे दिसले. सर्वांत बोलके उदाहरण डेन्मार्कमधल्या ‘स्टेनो-२’चे. रुग्ण अवघे १६०. त्यातल्या निम्म्यांची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तिन्ही एकाच वेळी हाताळले आणि त्याला आहार, व्यायाम, धूम्रपान सोडणे यांची जोड दिली. आठेक वर्षांत त्यांच्यातले हृदय-रक्तवाहिन्यांचे प्रसंग निम्म्यावर आले, आणि एकवीस वर्षांनी मोजले तेव्हा हा गट सुमारे आठ वर्षे जास्त जगल्याचे दिसले. कोणत्याही एका आकड्याच्या मागे लागून एवढे यश मिळालेले नाही. साखरेच्या गोळ्याही हृदयासाठी सारख्या नसतात, हे २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीने दाखवले, आणि २०२५मध्ये त्या औषधाचे पेटंट संपल्यावर भारतात त्याच्या किमतीही उतरल्या. कोणती गोळी, कोणासाठी, हा प्रश्न ‘शुगर किती?’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा झाला आहे.

तरीही रुग्णाच्या हातात लॅबचा कागद पडतो तेव्हा काय घडते ते पाहा. उदाहरणादाखल पन्नाशीतल्या एका मधुमेही माणसाचा अहवाल धरू. एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २३०, एलडीएल ११०. कागदावर एकूण कोलेस्टेरॉलपुढे ‘२०० पेक्षा कमी’ आणि एलडीएलपुढे ‘१३० पेक्षा कमी’ अशा मर्यादा छापलेल्या असतात, तेव्हा दोन्ही आकडे बरोबर ठरतात आणि कागद फाइलमध्ये जातो. पण त्या मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी आहेत, आणि छापणाऱ्या यंत्राला समोरचा माणूस मधुमेही आहे हे ठाऊक नसते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये भारतीयांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांनुसार कमी धोक्याच्या माणसाचे एलडीएल १०० च्या आत हवे, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्याचे ७० च्या आत, आणि ज्याला झटका येऊन गेला आहे त्याचे ५५ च्या आत. आपल्या काल्पनिक रुग्णाचे ११० म्हणजे लक्ष्याच्या दीडपट. शिवाय एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की उरणारा आकडा घातक कणांचे सगळे कोलेस्टेरॉल सांगतो. मधुमेहींसाठी तो १०० च्या आत हवा, या माणसाचा १५६ आहे. या वजाबाकीला पैसा लागत नाही आणि उपाशी राहण्याचीही गरज पडत नाही. एचडीएल कमी आहे म्हणून ते ‘वाढवण्याच्या’ नादी मात्र लागू नये. केवळ एचडीएल वाढवल्याने झटके कमी होतात, असे आजवरच्या चाचण्यांत दिसलेले नाही. कमी एचडीएल ही धोक्याची खूण समजावी आणि उपाय एलडीएलवर, कमरेच्या घेरावर आणि तंबाखूवर करावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. कोलेस्टेरॉलच्या मर्यादा दरवेळी खाली आणल्या जातात त्या औषध कंपन्यांच्या फायद्यासाठी, आणि कोलेस्टेरॉल नॉर्मल असलेल्यांनाही झटका येतोच की! कंपन्यांच्या हेतूंविषयी संशय बाळगण्यात काही वावगे नाही. पण एलडीएलविरुद्धचा पुरावा कंपन्यांच्या चाचण्यांवरच उभा नाही. जन्मजात दोषाने ज्यांचे एलडीएल बालपणापासून खूप जास्त असते, त्यांना तरुणपणीच झटके येतात. उलट ज्यांच्यातल्या एका जनुकीय बदलामुळे ते जन्मभर कमी राहते, त्यांच्यात हृदयविकार फार कमी आढळतो. निसर्गाने केलेल्या या प्रयोगात कोणत्याही कंपनीचा हात नव्हता. मर्यादा खाली आल्या त्या कमी एलडीएलचा फायदा एकामागून एक चाचण्यांत दिसत गेल्यामुळे. आणि स्टॅटिनची पेटंटे कधीच संपली आहेत. ॲटोरव्हास्टॅटिन देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, जनऔषधी केंद्रात मिळते, आणि रोजचा खर्च काही रुपयांच्या पुढे जात नाही. नॉर्मल अहवाल असूनही येणाऱ्या झटक्यांचे म्हणाल, तर ती याच लेखातल्या मुद्द्याची साक्ष आहे. धोका अनेक घटकांच्या बेरजेतून तयार होतो. निपाणी-कागलच्या पट्ट्यात तंबाखू शेतात पिकते आणि घराघरांत मिसरीच्या रूपाने वावरते. तिथे कोलेस्टेरॉलचा आकडा चांगला असणे ही हमी होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्टॅटिनमुळे मधुमेह होतो, मग मधुमेहींना ती कशी द्यायची? स्टॅटिनमुळे मधुमेहाचे निदान होण्याची शक्यता थोडी वाढते हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. २०१० साली तेरा चाचण्यांची माहिती एकत्र करून काढलेल्या हिशेबानुसार २५५ जणांनी चार वर्षे स्टॅटिन घेतली तर त्यातला एक जास्तीचा मधुमेही होतो. तेवढ्याच लोकांत तेवढ्याच काळात पाचेक मोठे हृदयप्रसंग टळतात. जास्तीचा मधुमेही झालेला तो एकही बहुधा आधीच उंबरठ्यावर उभा असतो. ज्याला मधुमेह झालेलाच आहे, त्याच्या साखरेत पडणारा फरक किरकोळ असतो आणि त्याच्यासाठी फायद्याचे पारडे आणखी जड होते. अंगदुखीची तक्रारही खरी असते, पण तिचे कारण दरवेळी गोळीच असते असे नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना कधी खरी, कधी बनावट, तर कधी कोणतीच गोळी न देता महिनेच्या महिने पाहिले. खऱ्या गोळीवर झालेल्या त्रासाच्या नव्वद टक्के त्रास बनावट गोळीवरही झाला. ज्यांना खरोखर सोसत नाही त्यांच्यासाठी मात्रा कमी करणे, औषध बदलणे हे मार्ग आहेत. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आले’ म्हणून आपणहून गोळी बंद करणे हा मार्ग नव्हे, कारण ते नॉर्मल आले ते गोळीमुळेच.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. बापजाद्यांनी तूप खाल्ले, गूळ खाल्ला, कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध प्यायले आणि ते धडधाकट जगले. खासबागच्या कुस्ती मैदानाची परंपरा सांगणाऱ्या शहरात हे म्हणणे मनाला भिडते. पण तालमीतला खुराक रोजच्या शेकडो जोर-बैठकांसोबत होता, आणि शेतकऱ्याची भाकरी नांगर आणि मोटेसोबत. मेहनत दुचाकीवर आणि ट्रॅक्टरवर गेली, खुराकाची आवड तेवढी राहिली. शिवाय स्वातंत्र्याच्या सुमारास या देशातले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरे, पण हृदयविकाराच्या वयापर्यंत पोचण्याआधीच साथीच्या रोगांनी आणि उपासमारीने अनेकांना नेले, हेही तितकेच खरे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र ‘शुगर आहे म्हणून साखर बंद, आता गुळाचा चहा’ हा सोयीस्कर समज सोडायला हवा. गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो आणि रक्तातली साखर तो जवळपास तशीच चढवतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला खलनायक ठरवण्याचीही गरज नाही. भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. रोजच्या पानातला भात, पाव आणि गोड चहा यांचा वाटा बघायचा सोडून महिन्यातल्या दोन मटणाच्या जेवणांवर चर्चा करणे म्हणजे मूळ प्रश्न टाळणे. डाळी, उसळी, भाज्या वाढवणे, तूप-लोणी मोजून घेणे आणि रोज अर्धा तास घाम येईल असे चालणे यांनी साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब तिन्ही उतरतात. मधुमेहीच्या एलडीएलला मात्र बहुतेक वेळा एवढ्याने ७० चा आकडा गाठता येत नाही. त्याला गोळी लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

या साऱ्यात बायकांकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पाळी जाईपर्यंत स्त्रियांना हृदयविकारापासून जे संरक्षण असते, ते मधुमेह बऱ्याच अंशी काढून घेतो. मधुमेहामुळे स्त्रियांचा हृदयविकाराचा धोका पुरुषांपेक्षा जास्त पटीने वाढतो, हे अनेक देशांची माहिती एकत्र करून पुन्हा पुन्हा दिसले आहे. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, पण बाळंतपण झाले की तिची तपासणीही संपते. मधुमेहात नसा बधिर झाल्यामुळे झटक्याच्या वेळी छातीत कळ येईलच असे नाही. दम लागतो, दरदरून घाम येतो, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थ वाटते, आणि घरात ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा प्यायला दिला जातो. मधुमेही व्यक्तीची अशी लक्षणे पित्ताची समजण्याआधी ईसीजी काढला पाहिजे. गरोदरपणात किंवा मूल हवे असताना स्टॅटिन टाळतात, तेव्हा तरुण स्त्रियांच्या औषधाचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच व्हावा. तपासणी टाळण्याचे ते कारण मात्र होऊ शकत नाही.

शेवटचा आक्षेप खर्चाचा, आणि तो सरकार दरबारी ऐकू येतो. देशाचा असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म आशा सेविका भरते, रक्तदाब आणि साखर पाहिली जाते, आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी चाळणी होते. कोलेस्टेरॉल या चाळणीत नाही. सर्वांचे तपासण्याएवढा पैसा नाही हे मान्य करू. पण ज्यांची साखर वाढलेली सापडली, त्यांच्यापुरती ही चाचणी वर्षातून एकदा करणे अवघड नाही. ती लगेच जमत नसेल तरीही थांबण्याचे कारण नाही. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींना एलडीएलचा आकडा कितीही असला तरी मध्यम मात्रेची स्टॅटिन द्यावी, अशी शिफारस अमेरिकन डायबेटीस असोसिएशनही करते. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर मधुमेहासाठी लिहिलेल्या मेटफॉर्मिनच्या चिठ्ठीवर हे एक औषध जोडू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी आणि बायपासचा खर्च सरकार उचलते, ते योग्यच आहे. झटका आल्यावर जी व्यवस्था मोठा खर्च करते, तिने झटका टाळणाऱ्या स्वस्त गोळीपाशी हात आखडता घेणे मात्र हिशेबात बसत नाही.

कोल्हापूरला यात सरकारची वाट पाहण्याचीही गरज नाही. गूळ बाजारपेठेपासून १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघापर्यंत आणि नदीकाठच्या साखर कारखान्यांपर्यंत सहकाराचे जे जाळे इथे आहे, त्यात गावागावातला सभासद नावानिशी नोंदलेला आहे. उसाचे वजन आणि दुधाची फॅट काटेकोरपणे नोंदवून ठेवणाऱ्या संस्थांना सभासदांच्या चार आकड्यांची नोंद ठेवणे जड जाऊ नये. शिबिर घेणाऱ्या प्रत्येक मंडळाने, पतसंस्थेने, कारखान्याने एक नियम पाळावा. साखर वाढलेली सापडली की त्या माणसाला तसेच घरी पाठवायचे नाही. तिथेच रक्तदाब मोजायचा, कंबर मोजायची, तंबाखूविषयी विचारायचे, कोलेस्टेरॉल आणि एचबीए१सीसाठी चिठ्ठी द्यायची, आणि महिन्याभराने तो डॉक्टरांकडे गेला की नाही हे विचारणारा फोन करायचा. हजार जणांच्या बोटाला सुई टोचून विसरून जाणाऱ्या शिबिरापेक्षा शंभर जणांचा पाठपुरावा करणारे शिबिर जास्त जीव वाचवेल. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसताना मधुमेही माणसाने ‘माझी शुगर किती?’ एवढेच विचारून उठू नये. ‘माझे एलडीएल किती आहे, माझ्यासाठी ते किती हवे, आणि त्यासाठी आपण काय करतो आहोत?’ हेही विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नये.